पेशींचं माहेर

दिवसातून पंधरा-पंधरा वेळा संडासला जाऊन अंकुश पार वाळून गेला होता. बहिणीचा बोनमॅरो बसवून तीनच महिने झाले होते. डॉक्टर म्हणाले, बहिणीच्या पेशींना त्याची आतडी परकी वाटताहेत, म्हणून त्या आतड्यांवर तुटून पडल्यात.

दामिनी सासरहून अड्याळला माहेरी धावत आली. आपलंच रक्त भावाशी का भांडतंय, तिला उमगेना. आईनं तिचा हात ओढून अंकुशच्या पोटावर ठेवला.

“तुया पेशीले समजाव वं माय. म्हण, हे घर आपलंच आहे.”

दामिनीनं आईकडे पाहिलं. बिदाईच्या वेळी गाडीच्या दाराशी आईनंच बजावलं होतं, “आजपासून हे घर तुले परकं, बाई.”