वाटीतली कवळी

अप्पांचं तेरावं उरकलं, तशी त्यांच्या वस्तूंची वाटावाट झाली. छत्री दूधवाल्याने नेली, स्वेटर देवळातल्या गुरवाने. वाटीतली कवळी तेवढी उरली.

"आई, ही कोण घेणार? टाकून देऊ?" मुलाने विचारलं.

द्वारकाबाईंनी वाटी ओढून घेतली. कवळी लावल्याशिवाय अप्पांनी कधी दूधवाल्यालाही दार उघडलं नव्हतं. बायकोसमोरसुद्धा ती काढताना ते पाठ फिरवायचे. दवाखान्यात नेताना घशात अडकू नये म्हणून द्वारकाबाईंनीच ती काढून पदराच्या टोकाला बांधली. अप्पा तिथेच गेले. रडारडीत गाठ सोडायचं राहूनच गेलं आणि अंगणात अख्खी आळी त्यांच्या तोंडाचं बोळकं बघून गेली. माणसं स्मशानातून परतल्यावर आंघोळीसाठी पातळ सोडताना ती गाठ हाताला लागली.

"टाकायची नाही," त्या म्हणाल्या. मग आयुष्यात पहिल्यांदाच मुलासमोर त्यांनी स्वतःची कवळी काढली आणि वाटीत अप्पांच्या कवळीशेजारी ठेवली. गाल आत गेले, बोलणं बोबडं झालं.

"मी गेले की मलाही कवळी लावू नका. बघू दे अख्ख्या आळीला."