तोंडी परीक्षा

"तुम्हीच तर बरोबर म्हणालात," मुख्याध्यापक मनोहरराव वैतागून म्हणाले. "परवा व्हरांड्यात विचारलं, कुहीची ही मुलगी, शामला, तुमच्या आठवीत घेऊ का? तुम्ही मान हलवली. बरोबर आहे सर, म्हणालात."

बोंदरे सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. परवा मनोहररावांच्या तोंडात पानाचा तोबरा होता आणि सर तासाच्या घाईत होते. मुख्याध्यापक काहीही बोलले की 'बरोबर' म्हणून मोकळं व्हायचं, ही त्यांची जुनी सवय. शिक्षक त्यावरून त्यांची टर उडवायचे.

"पण सर, मुलगी ठार बहिरी आहे. तिला गणित कसं शिकवू?"

"ओठ पाहून समजतं तिला. लहानपणी तापात कान गेले, बाकी बोलते, लिहिते. आणि सरकारचं परिपत्रक आलं आहे. साध्या शाळेत शिकू शकेल असं मूल परत पाठवायचं नाही. पुढे बसवायचं, लागेल ती मदत करायची. नाहीच जमत, तर शिक्षकाने कारण द्यायचं. आहे काही कारण?"

"ती सारखी माझ्याकडे बघत राहते."

"मग काय खिडकीबाहेर बघू दे म्हणता? बाकीची पोरं तेच तर करून राहिली!"

आणीबाणी उठली होती, पण परिपत्रकाचा धाक काही उठला नव्हता. शामला पहिल्या बाकावरच राहिली.

बोंदरे सर वाईट शिक्षक नव्हते. नागपूरच्या महाल भागातल्या त्या शाळेत त्यांचं गणित नावाजलेलं होतं आणि शिस्तही. उत्तर द्यायचं तर टेबलापुढे येऊन, मान वर करून. वर्गाने एका सुरात ओरडलेलं त्यांना खपत नसे. मागच्या बाकावरून कोणी शंका विचारली तर ते दादच द्यायचे नाहीत. पोरगं निमूट उठून पुढे यायचं. पालकांना हे फार आवडे.

शामलाने मात्र त्यांची झोप उडवली. फळ्याकडून वळावं तर तिचे डोळे रोखलेले. मधल्या सुट्टीतही ती व्हरांड्याच्या कठड्याला टेकून त्यांनाच न्याहाळायची. चिडावं तर मुलगी एका अक्षराने उद्धट नाही.

जेवताना पुष्पलताबाईंनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. "काहून असे तळमळून राहिले? पोरगीच तर आहे."

"तिला माझ्या वर्गात ठेवता येणार नाही," सर म्हणाले आणि ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी शामलाची आई उभी होती. अंजनाबाई कुहीची धानाची शेती दिराच्या भरवशावर टाकून मुलीसाठी नागपुरात भावाकडे येऊन राहिली होती. ती तोंडावर पदर धरून काहीतरी बोलू लागली.

"पदर बाजूला घेऊन बोला, बाई," सर खेकसले.

बिचारीने दचकून पदर खाली घेतला. "जी, म्या म्हटलं, तिले काढू नका. थे मुक्या-बहिऱ्यायच्या शाळेत जागा नाही म्हणते. गावाले नेली तं जलमभर धान रोवण्यालेच जाईन पोरगी."

 सर तडक मनोहररावांकडे गेले. "तोंडी परीक्षा घेऊ. मी तोंडाने गणित सांगतो, तिने फळ्यावर सोडवावं. नाही जमलं, तर हेच माझं कारण."

शाळा सुटल्यावर वर्गात चौघंच उरले. मनोहरराव पान थुंकून आले आणि शेवटच्या बाकावर बसले. अंजनाबाई दाराशी. शामला खडू घेऊन फळ्याजवळ.

पहिलं गणित सरांनी तिच्याकडे तोंड करून सांगितलं. एक हौद, दोन नळ. सरांचं वाक्य पुरं होतं न होतं तोच तिचा खडू चालू लागला. उत्तर बरोबर आलं. अंजनाबाई हसली.

दुसऱ्या गणिताला सरांनी पुस्तक नाकापर्यंत वर धरलं.

शामला थांबली. "सर, पुस्तक खाली घ्या नं," ती तिच्या सपाट, जड आवाजात म्हणाली. सरांची नजर पानावरून हलली नाही. त्यांनी तेच गणित पुन्हा वाचलं, पुस्तकामागूनच. खडू फळ्याला टेकून तसाच राहिला. तिसऱ्यालाही तेच झालं. इतकं उघड वाईट ते आजवर कोणाशी वागले नव्हते, आणि हे त्यांना पक्कं कळत होतं. 

"नाही जमत, सर," ते म्हणाले आणि पाठ फिरवून फळा पुसू लागले. अंजनाबाई दारातच खाली बसली.

 मनोहरराव मागच्या बाकावरून म्हणाले, "बोंदरे, परिपत्रक माझ्यापाशी आहे, पण वर्ग तुमचा आहे. शेवटचं विचारतो. मुलीला ठेवायचं की नाही?"

सर फळा पुसत राहिले.

"बोंदरे! ठेवायचं की नाही?" आता मनोहररावांचा आवाज चांगलाच चढला.

फळा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी सरांचा हात फिरतच होता.

शामलाने मनोहररावांकडे पाहिलं, मग सरांकडे. ती हळूच सरकून सर आणि फळा यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. सरांच्या पाठीआड ती मनोहररावांना दिसत नव्हती. तिने मान वर केली आणि घशातून जराही आवाज न काढता, नुसते ओठ हलवले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"मोठे सर मागून विचारून राहिले. मले ठेवायचं का नाही?"

शेवटच्या शब्दापर्यंत तिच्या ओठांकडे पाहून बोंदरे सर मागे वळले.

"ठेवा, सर," ते म्हणाले.