दुसरी सप्तमी

"न्यूलांग म्हणजे गुराखी. झन्यू म्हणजे विणकरीण. आणि पूल?" वेईने विचारलं.

शशिधर डोळे मिटून आठवू लागले. जन्मभर लंडनच्या ईलिंगमध्ये डॉक्टरकी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर चिनी शिकायची हौस आली होती. पण शब्द काही टिकत नव्हते. पालथ्या घड्यावर पाणी.

"च्युएच्याओ," स्वयंपाकघरातून आवाज आला. "मॅगपाय पक्ष्यांचा पूल. कितीदा सांगायचं त्याने?"

वेई, शशिधर आणि त्यांची लेक तनया, तिघंही चपापले. अलकाताई पाठ करून भांडी विसळत होत्या.

तनयाने वेईशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा आई असूनही अलकाताई लग्नाला गेल्या नव्हत्या. दोन वर्षं झाली, तरी पुण्याच्या बहिणीशी फोनवर बोलताना वेई हा "तनयाचा मित्र"च होता. त्याला आग्रह करकरून वाढायच्या. जावई मात्र चुकूनही म्हणायच्या नाहीत. तनया ते ऐकायला आसुसली होती.

वेई येतच राहिला. आला की एखादी गोष्ट सांगून सासऱ्यांना शब्द शिकवायचा. या वेळी चीशी सणाची गोष्ट होती. आकाशातल्या नदीने ताटातूट केलेले नवरा-बायको वर्षातून एकदा, सातव्या महिन्यातल्या सप्तमीला, पक्ष्यांच्या पुलावर भेटतात. लेक घरी येते ती या पोराच्या चिकाटीमुळे, हे शशिधरांना ठाऊक होतं. ते मनोमन त्याचे उपकार मानत.

गेल्या महिन्यात चीशीला त्याने दोघांना जेवायला बोलावलं होतं. अलकाताईंचं ऐन वेळी डोकं दुखलं.

"आज पुन्हा चीशी आहे," वेई इंग्रजीत म्हणाला. "आँटी, आज याल?"

"वर्षातून एकदाच ना?" अलकाताई वळल्या. "ऐकलंय मी सगळं."

"आई, धिस इयर दोनदा आलाय," तनया म्हणाली. "दे गेट अॅन एक्स्ट्रा मंथ. सातवा महिना रिपीट होतो. चंद्राचं कॅलेंडर सूर्याशी मॅच करायला."

"रुन-युए," वेईने शब्द पुरवला.

अलकाताईंचा हात नळावरच थांबला. "अगं, म्हणजे अधिक महिना! यांच्यातही असतो?"

तनयाने होकारार्थी मान डोलावली. अलकाताईंनी हात पुसले. फळीवरून तांदळाचा डबा काढला, पातेल्यात मोजून तांदूळ घेतले आणि पाणी ओतलं. म्हणजे आजही नाहीच. तनयाचा चेहरा उतरला.

"अगं, तो बाहेर जेवायला बोलावतोय," शशिधर काकुळतीने म्हणाले. "भात कशाला लावतेस?"

"भात नाही हो, अनारशांचे तांदूळ भिजवतेय. गेल्या महिन्यात चुकलंच माझं. देवाची कृपा, महिना परत आला." अलकाताईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "चला, कपडे बदला. आणि पुढच्या रविवारी या दोघांना जेवायला बोलवा. अधिक महिन्यात जावयाला वाण नको का द्यायला?"