दोन छोट्या, एक लांब

त्या दिवशी दहा वाजता कलादालनातली खुर्ची रिकामी होती. लोकांना वाटलं, हाही प्रयोगाचाच भाग. ते काचेसमोर उभे राहून बटण दाबत राहिले. अकराला कलाकार मुलीने खुर्चीत बसणाऱ्या बाईच्या घरी फोन केला, "काका, काकू आल्या नाहीत अजून."

"पहाटे वारली ती," तिचा नवरा म्हणाला. परक्या माणसाला त्याने ते पहिल्यांदाच सांगितलं.

काचेची खोली ही त्या मुलीची कल्पना. आत एका बाईने दिवसभर शर्ट शिवत बसायचं. आतून काचेत फक्त आपलंच तोंड दिसायचं. बाहेर भिंतीवर लिहिलं होतं, 'ती तुम्हाला दिसते. तुम्ही तिला दिसत नाही. बटण दाबा, ती शेवटची शिवण उसवेल.' बटण दाबून धराल तितका वेळ आत लाल दिवा लागायचा. माल घेणाऱ्याचा हात कामगाराला कधी दिसत नाही, हे म्हणे मुलीला दाखवायचं होतं. त्यासाठी तिला खरी शिलाई कामगार हवी होती.

बायको घरी येऊन हसायची. "कारखान्यात वीस वर्षं साहेब उसवायला लावायचा. तेव्हा कुणी तिकीट काढून बघायला आलं नाही." आणि बजावायची, "तुम्ही मात्र येऊ नका हं. मला हसू फुटेल."

नवव्या दिवशी तो गेलाच. गर्दी नव्हती. ती मान खाली घालून कॉलर शिवत होती. आपण आलोय एवढंच तिला कळावं, असं त्याला वाटलं. घरची बेल वाजवायचा तसं त्याने बटण दाबलं. दोन छोट्या, एक लांब. तिचा हात कात्रीकडे गेला. पुढचं त्याला बघवलं नाही. तो पाठ फिरवून जिना उतरला.

संध्याकाळी त्याने घरची बेल वाजवली. दार उघडून ती म्हणाली, "बरं झालं, थांबलात." दार उघडायला उशीर झाला म्हणून म्हणत असेल, असं समजून तो चपला काढायला वाकला. दालनात गेल्याचं बोलला नाही. चार लोकांसारखं आपणही तिला उसवायला लावलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार? नंतर सांगू म्हणता म्हणता बारा दिवस गेले, आणि तीच राहिली नाही.

आठवड्याने तो तिच्या वस्तू आणायला गेला. चष्मा, थर्मास, कात्री आणि अर्धवट शर्ट. शर्ट त्याच्याच मापाचा होता. डावी बाही लागायची होती.

"काका, एक विचारू?" मुलगी म्हणाली. "एकवीस दिवसांत काकूंनी नियम एकदाच मोडला. का, ते सांगितलं नाही. पाय आखडले म्हणाल्या."

तिने कॅमेऱ्यातलं त्या दिवसाचं चित्रण लावलं. लाल दिवा लागला. छोटा, छोटा, लांब. बायकोचा हात कात्रीकडे गेला. तिने कात्री बाजूला सारली आणि शर्ट टेबलावर ठेवला. ती हसत होती. केस मागे सारून ती उठली, कडी काढली आणि दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. तिने जिन्याकडे पाहिलं. बराच वेळ ती दाराला धरून उभी राहिली. मग आत जाऊन शिवायला बसली. दार तसंच उघडं ठेवलं.

"बाहेर कोण होतं, कुणाला माहीत," मुलगी म्हणाली.

"मी होतो."

मुलीने चित्रण बंद केलं. त्याने शर्टाची घडी घातली, बाही वेगळी गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

बाही कुणीही शिंपी लावून देईल. त्या संध्याकाळी दारात ती 'बरं झालं, थांबलात' म्हणाली, त्याला उत्तर द्यायचं राहिलं आहे.