वीस मिनिटांचं बघणं

लीलाआत्याचं बघणं झाशी स्टेशनावर झालं. मुलगा जळगावहून दिल्लीला चालला होता आणि इंजिनात पाणी भरेपर्यंत गाडी वीस मिनिटं थांबायची. मुलाने, म्हणजे मार्तंडरावांनी, फलाटावर उभ्याउभ्याच आत्याच्या हातचे पोहे खाल्ले. गाडी सुटायच्या आत दोघांचाही होकार झाला.

आठवड्याने मुलाकडचं पत्र आलं, "हुंडा नको. मुलाला फक्त झाशीत नोकरी बघून द्यावी." सगळे म्हणाले, पोरीने नशीब काढलं. लग्न होऊन आत्या माहेरापासून दोन गल्ल्यांवर राहायला गेली.

छप्पन्न वर्षांनी, त्याच घरात, मार्तंडरावांच्या तेराव्याला मी विचारलं, "आत्या, वीस मिनिटांत तू हो कशी म्हणालीस गं?"

 

"मला त्या गाडीत चढायचं होतं, बेटा. त्यांना उतरायचं होतं."