आतली खोली

कारकून आतल्या खोलीत गेला आणि काबाईने वेळ मोजायला मोबाइलवरचं घड्याळ चालू केलं. काउंटरच्या पलीकडे एक म्हातारी पिशवी छातीशी धरून उभी होती. आतून किल्ल्यांचा आवाज आला, कपाटाचं दार करकरलं, मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने कारकून बाहेर आला. नीट पाहिलं मावशी, अजून काही कळलेलं नाही, असं त्याने सांगितलं. म्हातारीने मान डोलावली आणि पुढच्या सोमवारी येते म्हणून ती गेली.

हरवलेल्या माणसांच्या चौकशीचं ते ऑफिस. तिथला कारभार संगणकावर न्यायचा होता, आणि तो आधी समजून घ्यायला सॉफ्टवेअर कंपनीने आपली बिझनेस अ‍ॅनालिस्ट पाठवली होती. प्रोग्रॅम लिहिणं हे तिचं काम नव्हे. लोकांना नेमकं काय हवंय ते खोदून काढायचं आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या गळी उतरवायचं, हे तिचं काम. माणसं सांगतात एक आणि करतात भलतंच, म्हणून ती आधी शेजारी खुर्ची टाकून नुसती बघत बसायची. मग "का?" विचारायची. उत्तर आलं की त्यावर पुन्हा "का?". कंपनीत तिचं नाव काबाई पडलं होतं. वरवर ती चिडायची, पण मनातून तिला ते आवडायचं.

दुपारी तिने आतल्या खोलीतलं कपाट उघडून पाहिलं. आत कारकुनाचा डबा आणि एक मोडकी छत्री होती. एकही फाइल नव्हती.

कारकून चोरी पकडल्यासारखा दारात उभा राहिला. जुन्या फायली केव्हाच मुख्य कचेरीत गेल्या, तो म्हणाला. म्हातारीचा मुलगा कामावर जातो म्हणून घरातून निघाला, तो परतलाच नाही. वर्षं उलटली, शोध थांबला, नियमाप्रमाणे नोंदही बंद झाली. मग आत का जाता? ती एवढ्या लांबून येते म्हणून. मग आत जाऊन काय करता? खिडकीपाशी उभा राहतो.

"का?"

"मॅडम, मी खुर्चीतून उठलोच नाही, तर तिचा मुलगा गेला असं मीच सांगितल्यासारखं होतं."

काबाईने कपाटाचं दार हळूच लावलं.

तिच्या पद्धतीप्रमाणे त्या फेरीवर लाल फुली पडायला हवी होती. ज्या कामातून काही निघत नाही ते काम काढून टाकायचं, हे ती स्वतःच नव्या मुलांना शिकवायची. पण तिला ती फुली मारवेना. तिने नव्या प्रोग्रॅमच्या मागण्यांच्या यादीत एक ओळ घातली. नोंद जुनी असेल तर उत्तर लगेच दाखवू नये, थोडा वेळ पडद्यावर "शोध चालू आहे" असं दिसावं. मुख्य प्रोग्रॅमर पोट धरून हसला. प्रोग्रॅम हळू चालतो म्हणून जग आमच्या नावाने बोटं मोडतं आणि तू तो मुद्दाम हळू करायला सांगतेस, असं त्याचं म्हणणं. ती हट्टाला पेटली. शेवटी ओळ मंजूर झाली.

त्या ओळीपुढे कारण लिहायचा रकाना होता. तिथे काय लिहायचं? म्हातारीचं लिहिलं तर बैठकीत पुन्हा हसतील, या लाजेने तिने तो कोरा ठेवला. दुसऱ्याने असा रकाना कोरा ठेवला असता तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं.

मग तिला दुसऱ्या कामावर धाडलं गेलं. प्रोग्रॅमची तपासणी करणारा नवा होता आणि मन लावून काम करणारा होता. त्याला दिसलं की काही नोंदींवर प्रोग्रॅम विनाकारण रेंगाळतो. त्याने यादी पाहिली, ओळ होती पण कारणाचा रकाना कोरा. चूक समजून एका प्रोग्रॅमरने दुपारच्या आत तो उशीर काढून टाकला आणि तपासणाऱ्याला शाबासकीही मिळाली. खरं सांगायचं तर त्या दोघांचं काहीच चुकलं नव्हतं.

नवी व्यवस्था सुरू झाली त्या सोमवारी काबाईला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. आतल्या खोलीत आता यंत्रं होती आणि दाराला कुलूप होतं. ऑफिसच्या साहेबांनी म्हातारीलाच पहिल्यांदा पडद्यासमोर बसवलं. काबाईने तिच्यासाठी मुलाचं नाव टाकलं आणि बटण दाबलं. बोट उचलायच्या आत उत्तर आलं. नोंद बंद. उत्तर किती झटकन आलं म्हणून मागे टाळ्या वाजल्या. सवयीने दोन पावलं आतल्या खोलीकडे गेलेला कारकून कुलपापाशी थांबला.

"इतक्यात बघितलंसुद्धा?" म्हातारीने विचारलं.

आपली ओळ कुणीतरी काढून टाकली, हे काबाईला कळलं. ती खाली बसली, तिने म्हातारीचा हात हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. नोंद कधीचीच बंद आहे. ते कपाटही रिकामंच असायचं. यंत्राने नवीन काही हिरावलेलं नाही, असं काहीतरी ती बोलत राहिली. आपण म्हातारीची समजूत घालतोय की स्वतःची, हे तिचं तिलाही कळेना.

"ठाऊक होतं गं मला," म्हातारी म्हणाली. "किल्ल्या वाजायच्या, पण कागद हलल्याचा आवाज कधी आलाच नाही."

तिने पिशवी उचलली. पुढच्या सोमवारचं ती काही बोलली नाही.

"पण तो आत जाऊन बाहेर येईपर्यंत माझा मुलगा सापडत असायचा."