बारा स्टुलं

नव्या मॅनेजरने शर्ट तपासणाऱ्या बायकांची बारा स्टुलं माळ्यावर टाकली. "बायका बसल्या की धंदा बसतो!" म्हणे. जन्मात सुई न धरलेला माणूस! उभ्याने दुपारपर्यंत पायांत गोळे यायचे, नजर भरकटायची, उसवलेले शर्ट निसटायचे. महिन्याभरात अर्धा माल परत आला. मालकांनी झापल्यावर मॅनेजर सगळ्यांत जुन्या बाईकडे आला. "आक्का, चूक कुठे होतेय?" "साहेब, डोळे पायांवर उभे असतात. पाय गेले की डोळे गेले." तो माळ्यावर चढला. एक स्टूल उतरवून रुमालाने पुसत म्हणाला, "बसा." आक्काचे गुडघे ठणकत होते, तरी ती ताठ उभी राहिली. "अजून अकरा राहिलीत, साहेब." तीही उतरवेपर्यंत त्याला घाम फुटला. मग बाराजणी एकदम बसल्या. आक्काने शर्ट उलटा करून शिवण ताणली. "आता धंदा उभा राहतो बघा."